दात येत असतील

(पडद्यावर: पहाटेचं घर, मांडीवर मलूल पडलेलं बाळ)

बाळ नऊ महिन्यांचं आहे. काल दोनदा उलटी झाली, अंग थोडं कोमट लागत होतं. मध्यरात्रीपासून पाण्यासारखे जुलाब. उजाडता उजाडता आजी त्याच्या हिरडीवरून बोट फिरवते आणि सुनेला सांगते, "दात येतायत गं. या दिवसांत होतातच."

आजीच्या निरीक्षणात खोट नाही. सहा महिने ते दोन वर्षं या वयात दात येतात, आणि नेमक्या याच वयात एक विषाणू बाळाला गाठतो. वेळ तंतोतंत जुळली, कारण तेवढं चुकलं. आणि आजीला तरी काय बोलायचं? १९७३ सालापर्यंत ते कारण मोठमोठ्या इस्पितळांतल्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

(पडद्यावर: मेलबर्न, रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलची जुनी छायाचित्रं)

ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न. तिथे जून, जुलै, ऑगस्ट हे थंडीचे महिने. दर थंडीत या इस्पितळात जुलाबाने सुकलेली मुलं यायची. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही. सलाईन लावायचं, शौचाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि वाट बघायची. थोड्या मुलांत एखादा जिवाणू सापडायचा. बाकीच्यांच्या अहवालात वर्षानुवर्षं एकच उत्तर यायचं: काही सापडलं नाही.

रूथ बिशप याच इस्पितळातल्या संशोधक. जन्म १९३३ चा, शिक्षण मेलबर्न विद्यापीठात, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. १९६०च्या दशकात त्या मुलांच्या पोटाच्या विकारांवर काम करणाऱ्या गटात आल्या. मूळच्या त्या जिवाणूवाल्या. लहान आतड्यात कोणते जिवाणू राहतात, आजारपणात ते कसे बदलतात, हे बघण्यात त्यांची वर्षं गेली होती. 'काही सापडलं नाही' हे उत्तर त्यांनीही पुष्कळदा लिहिलं असणार.

पण एक गोष्ट मुलांच्या डॉक्टरांना ठाऊक होती. जुलाब थांबल्यावरही काही मुलांना कित्येक दिवस दूध पचत नाही. दुधातली साखर पचवण्याचं काम लहान आतड्याच्या अस्तराचं. म्हणजे इजा तिथे, वरच्या अंगाला. आणि सगळे तपासत होते शौच. भांडण वरच्या मजल्यावर आणि पंचनामा फाटकापाशी, असा तो प्रकार!

मग बिशप, मुलांच्या पोटविकारांचे डॉक्टर जेफ्री डेव्हिडसन, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हाताळणारे इयन होम्स आणि ब्रायन रक, अशी चौघांची जोडणी झाली. जठर संपून लहान आतडं सुरू होतं त्या भागातून, म्हणजे ग्रहणीतून, आजारी मुलांच्या अस्तराचा कणभर तुकडा काढायचा ठरलं. आजच्या काळात नैतिकता समितीने त्यावर शंभर प्रश्न विचारले असते, आणि ते विचारायलाच हवेत. पण त्या तुकड्यांशिवाय ही गोष्ट पुढे सरकली नसती.

(पडद्यावर: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची करडी प्रतिमा)

नऊ मुलं तपासली. सहांच्या अस्तरातल्या पेशींमध्ये विषाणूचे गोल कण खच्चून भरलेले होते. एकेक कण सुमारे ७० नॅनोमीटरचा. असे चौदा हजार एका ओळीत मांडावेत तेव्हा कुठे एक मिलिमीटर होतो. बरं झाल्यावर ज्या मुलांची पुन्हा तपासणी केली, त्यांच्यात हे कण उरले नव्हते. डिसेंबर १९७३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा शोध छापला.

लवकरच कळलं की शौचातही हे कण मुबलक सापडतात. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागत होता, म्हणून इतकी वर्षं ते कुणाला दिसले नव्हते. पुढे मुलांच्या आतड्याचा तुकडा काढायची गरज उरली नाही.

बारशाचा घोळ मात्र बरेच दिवस चालला. बिशप यांच्या गटाने 'ड्युओव्हायरस' म्हणून पाहिलं. शेवटी टिकलं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या थॉमस फ्लेवेट यांनी सुचवलेलं नाव: रोटाव्हायरस. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक. प्रतिमा नीट पाहा: मधोमध तुंबा, भोवती आरे, बाहेरून धाव. बैलगाडीचं चाक बघितलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

हा विषाणू करतो काय? आतड्याच्या आतून टॉवेलसारखी बारीक लव असते. अन्नरस आणि पाणी शोषून घेणं हे तिचं काम. रोटाव्हायरस या लवेच्या टोकाकडच्या पेशींत शिरतो आणि त्या मारतो. शोषण थांबतं, पाणी खाली वाहून जातं. त्यात उलट्याही होतात, म्हणून पाजलेली जलसंजीवनीसुद्धा पोटात ठरत नाही. आणि हा काही फक्त गढूळ पाण्याचा आजार नव्हे. नळाला स्वच्छ पाणी असलेल्या मेलबर्नमध्येही तो होताच. पाच वर्षांच्या आत जगातल्या जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी होऊन जातो. फरक एवढाच की मेलबर्नच्या मुलाला तासाभरात सलाईन मिळतं. भारतात लस येण्याआधी दरवर्षी सुमारे ७८ हजार मुलं याने दगावत होती.

(पडद्यावर: नवजात बाळांची खोली, ओळीने पाळणे)

शोधाबद्दल बिशप यांचं नाव झालं. मला स्वतःला त्यांच्या कामाचा यापुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. मेलबर्नच्या प्रसूतिगृहांत नवजात बाळांच्या खोल्यांमध्ये रोटाव्हायरस फिरत होता. बाळांना संसर्ग होत होता, पण बहुतेकांना ना उलटी, ना जुलाब. आजार नाही म्हणजे काळजी नाही, असं म्हणून तो विषय तिथेच मिटला असता. बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही बाळं तीन वर्षं नजरेखाली ठेवली. १९८३ साली निष्कर्ष आला: पाळण्यात असताना ज्यांना संसर्ग झाला होता, त्यांना पुढे रोटाव्हायरस पुन्हा झाला तरी तीव्र आजार होत नव्हता.

म्हणजे निसर्गाने बाळांना आधीच लस पाजून ठेवली होती. पाळण्यांतल्या त्या सौम्य विषाणूला नाव मिळालं आरव्ही-३.

असाच प्रकार साधारण त्याच सुमारास दिल्लीत दिसला. एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांना नवजात बाळांत लक्षणं न देणारा एक रोटाव्हायरस सापडला, ११६-ई. त्यातूनच पुढे भारत बायोटेकची रोटाव्हॅक लस उभी राहिली.

पण सगळ्यांच्या आधी बाजारात आली ती अमेरिकेतली रोटाशील्ड, १९९८ मध्ये. वर्षभरातच ती मागे घ्यावी लागली. सुमारे दहा हजारांत एखाद्या बाळाचं आतडं आतड्यातच शिरून अडकत होतं. त्यानंतरच्या दोन लसींना प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळांवर चाचणी द्यावी लागली, कारण दहा हजारांत एकदा होणारी गोष्ट हजारभर बाळांत दिसतच नाही. २००६ मध्ये त्यांचे निकाल आले. शोध लागून तोवर तेहेतीस वर्षं झाली होती.

(पडद्यावर: पुणे जिल्ह्यातलं एक गाव, अंगणवाडीसमोर चपलांचा ढीग)

रोटाव्हॅकची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झाली. जवळपास ६,८०० बाळं त्यात होती. तीव्र आजारापासून संरक्षण निघालं सुमारे ५५ टक्के. आकडा ऐकून नाक मुरडू नका. जिथे आजार इतका पसरलेला आहे तिथे निम्म्याहून जास्त तीव्र आजार टळणं म्हणजे इस्पितळातल्या किती खाटा मोकळ्या, याचा हिशेब करून बघा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल आली ती भुकटीच्या रूपात. उन्हाळ्यात फ्रीजपासून लांब गेली तरी ती टिकते. आफ्रिकेतल्या नायजरच्या चाचणीत तिने दोन तृतीयांश तीव्र आजार अडवला. २०१६ मध्ये चार राज्यांपासून सुरुवात करून भारताने रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात घेतली.

बिशप यांच्या आरव्ही-३ पासून केलेल्या लसीची वाट मात्र सगळ्यांत लांबची. इंडोनेशियात जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच पहिला डोस देऊन तिची चाचणी झाली. दीड वर्षांच्या वयापर्यंत तिने ७५ टक्के संरक्षण दिलं. हा निकाल छापून आला २०१८ मध्ये, तेव्हा बिशप पंचाऐंशीच्या घरात होत्या. त्याआधी २०१३ मध्ये त्यांना वैद्यकीय संशोधनासाठी ऑस्ट्रेलियात दिलं जाणारं फ्लोरी पदक मिळालं होतं; ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. २०२२ मध्ये त्या गेल्या.

अंगणवाडीत आज लसीकरणाचा दिवस आहे. नर्सबाई कार्ड बघतात: दीड महिना झाला, अडीच झाला, आज साडेतीनचा डोस. त्या बाळाचे गाल हलके दाबतात आणि लस गालाच्या आतल्या बाजूला सावकाश सोडतात. बाळ तोंड वाकडं करतं, थोडी लस ओठांवरून हनुवटीवर येते. आई पदराने टिपते. बाळ रडायला तोंड उघडतं. हिरड्या अजून कोऱ्या आहेत. दात यायला दोन-तीन महिने आहेत.