वायफायलाही कडी लावा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय घरच्या वायफायच्या कडीकुलपाविषयी.

गिरगावात चाळीत, दुसऱ्या मजल्यावर माझी आत्या राहते. गेल्या वर्षी गणपतीनंतर तिचं नेट रात्री रखडायला लागलं. नातीला व्हिडिओ कॉल लावला की चित्र अडकायचं. मी जाऊन राउटरला, म्हणजे वायफायच्या डब्याला, जोडलेल्या फोनांची यादी काढली. घरात फोन दोन, यादीत तेरा! "पासवर्ड कुणाला दिलास गं?" आत्याने कॅलेंडरकडे बोट केलं. दुधाच्या खाड्यांखाली ठळक अक्षरांत तिचाच मोबाइल नंबर. तोच पासवर्ड. पाच दिवस दर्शनाला आलेल्या सगळ्यांनी तो वाचलेला, आणि फोन एकदा घातलेला पासवर्ड विसरत नाही.

बाहेर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाच पोरं माना खाली घालून बसलेली. आत्या म्हणाली, "गुणी आहेत रे. रोज रात्री बसतात, मला सोबत होते." ती त्यांना चहा द्यायची. रेंज बरोबर तिसऱ्या पायरीपर्यंत येत होती! जिना म्हणजे चाळीचा जीव, मंडळी. टॉवरमध्ये लिफ्ट आली आणि शेजाऱ्याचं नावही माहीत नसतं, हे मला फार खुपतं.

मी पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन, "नेट पळतंय, पण जिना रिकामा आहे रे." मग पोरांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, सुरू केलं, वेगळ्या पासवर्डचं. पोरं ओळखीची. पण दोन आणि पाच सात, उरलेले सहा कोण? ते आजही कळलेलं नाही. काळजी त्या सहांची.

कारण जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. पोलीस आधी त्या घरी पोचले.

तेव्हा राउटर उलटा करा. स्टिकरवर सेटिंगचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंग उघडतं. पासवर्ड दोन बदलायचे. पुन्हा सांगतो, दोन: एक वायफायचा, दुसरा खुद्द राउटरच्या सेटिंगचा. हा दुसराच राहून जातो. सुरक्षेत, म्हणजे वायफायच्या कुलपाच्या प्रकारात, डब्ल्यूपीए३ निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप नकोच, ते २००१ मध्येच फुटलंय. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न घालता बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद ठेवा, राउटरचं अपडेट आलं की घ्या.

आणि पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर, जन्मतारीख नको. आत्याने एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून घेतले, पाठही केले. कॅलेंडरवर आता फक्त दुधाचे खाडे आहेत.