एआयने दिलेला संदर्भ आणि ‘ध’चा ‘मा’

नमस्कार. आज एका यादीची गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी एम.ए.ची एक विद्यार्थिनी आमच्या ग्रंथालयात आली. विषय होता एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मासिकांमधलं स्त्रियांचं लेखन. हातात चौदा संदर्भांची नीट टाइप केलेली यादी. “मॅडम, यातले जेवढे मिळतील तेवढे काढून द्या ना.” संगणकावर शोधलं, काही लागेना. म्हटलं, जुनं आहे, नोंद झाली नसेल. म्हणून बांधीव अंकांच्या कपाटापाशी गेले. एक खंड काढला, यादीतलं पान उघडलं, तिथे भलताच लेख. दुसरा संदर्भ काढला, तर त्या वर्षी ते मासिक सुरूच झालेलं नव्हतं.

दोन तासांनी मी विचारलं, “ही यादी कुठून आणलीस गं?” तिने चॅटबॉटचं नाव सांगितलं. फसवायचं असतं तर ती ग्रंथालयात आलीच नसती. तिला खरोखर वाटत होतं की चॅटबॉट म्हणजे आमच्या कॅटलॉगसारखंच काहीतरी, फक्त जास्त हुशार.

आजचा व्हिडिओ तिच्या या समजुतीवर आहे, कारण तशी समजूत असणारी ती एकटी नाही. असं समजणारे संशोधनाचे गाईडसुद्धा पाहिलेत मी.

(पडद्यावर: दाखल नोंदवहीचं एक पान)

ही आमची दाखल नोंदवही. पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक पडतो, शिक्का बसतो, वर्गांक चिकटवला जातो. कॅटलॉगमधल्या प्रत्येक नोंदीमागे कोणीतरी हातात धरलेली एक वस्तू असते. ती हरवली असेल, वाळवीने खाल्ली असेल, पण एकेकाळी होती.

चॅटबॉटच्या उत्तरामागे अशी वस्तू असेलच असं नाही. त्याने प्रचंड मजकूर वाचून शब्दामागे कोणता शब्द येतो याचे साचे शिकलेले असतात, आणि संदर्भ हा तर सगळ्यात ठरीव साचा. आडनाव, वर्ष, शीर्षक, मासिकाचं नाव, खंड, पृष्ठ. तो साचा त्याला बिनचूक भरता येतो. नाव त्या विषयात शोभणारं, शीर्षक पटणारं, पृष्ठक्रमांकही बेताचे. म्हणून तर हे खोटे संदर्भ ओळखता येत नाहीत. ढिसाळ माणसाने केलेल्या यादीत चुका दिसतात. ही यादी दिसायला निर्दोष असते.

हे प्रमाण किती असतं? २०२३ साली अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातल्या वॉल्टर्स आणि वाइल्डर या दोघांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये एक अभ्यास छापला. वेगवेगळ्या ४२ विषयांवर चॅटजीपीटीकडून छोटे निबंध लिहून घेतले आणि त्यातले ६३६ संदर्भ एकेक करून तपासले. चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-३.५ या मॉडेलने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के अस्तित्वातच नव्हते. त्यापुढच्या जीपीटी-४ चे १८ टक्के. आणि जे खरे निघाले त्यांतही अनुक्रमे ४३ आणि २४ टक्क्यांमध्ये महत्त्वाच्या चुका होत्या. हे आकडे त्या वेळच्या मॉडेल्सचे आहेत, त्यानंतर बरीच सुधारणा झाली आहे. पण प्रमाण घटलं म्हणून माझं काम घटत नाही. शंभरात दोनच खोटे असले तरी ते दोन कोणते हे कळायला शंभर उघडून पाहावे लागतात.

आता ‘ध’चा ‘मा’. आपल्याकडे लहान मुलालाही ही गोष्ट माहीत असते. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यामागे ‘धरावे’चं ‘मारावे’ केलेला एक कागद होता, अशी आख्यायिका. अक्षर एक बदललं आणि माणूस गेला. ही म्हण माझ्या मनात परत आली ती एका अगदी आधुनिक प्रकरणामुळे.

‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’. ऐकायला भारदस्त शास्त्रीय नाव. अशी कुठलीही पद्धत जगात नाही. तरीही हे शब्द अनेक छापील शोधनिबंधांमध्ये सापडले. ते आले कुठून?

(पडद्यावर: दोन स्तंभांत छापलेलं एक पान. डाव्या स्तंभातल्या शब्दावरून बोट उजव्या स्तंभाकडे सरकतं)

१९५९ सालचा ‘बॅक्टेरिऑलॉजिकल रिव्ह्यूज’मधला एक निबंध, दोन स्तंभांत छापलेला. डाव्या स्तंभात एका ओळीत ‘व्हेजिटेटिव्ह’ हा शब्द, जिवाणूंच्या पेशींबद्दलचा. त्याच उंचीवर उजव्या स्तंभात ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’. पुढे जुने अंक स्कॅन करून मजकूर संगणकात घेतला, तेव्हा यंत्राने मधली मोकळी पट्टी ओलांडून ओळ सरळ वाचली. दोन वेगळ्या वाक्यांतले शब्द एकमेकांना चिकटले.

गोष्ट इथेच संपली असती, पण तिला फारसीची जोड मिळाली. २०१७ आणि २०१९ मध्ये इराणी संशोधकांच्या निबंधांत हेच शब्द दिसले. फारसीत ‘स्कॅनिंग’साठीचा शब्द आणि ‘व्हेजिटेटिव्ह’साठीचा शब्द यांत फरक आहे तो फक्त एका नुक्त्याचा. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी ही खरी, रोजच्या वापरातली पद्धत. भाषांतर करताना एक ठिपका इकडचा तिकडे झाला असावा. खरोखर ‘ध’चा ‘मा’.

मग ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये वेगवेगळ्या मॉडेल्सना जुन्या निबंधातलं अर्धं वाक्य देऊन पुढे काय येतं ते पाहिलं. बर्ट आणि जीपीटी-२ ही जुनी मॉडेल्स चुकीचा शब्द पुढे करत नव्हती. जीपीटी-३ करत होतं, आणि त्यानंतरची काही नवी मॉडेल्सही. म्हणजे ती चूक आता मॉडेलच्या आत जाऊन बसली होती. तिथून ती पुन्हा कोणाच्या तरी निबंधात येते, तो निबंध ग्रंथालयात येतो, आणि उद्याचं मॉडेल पुन्हा तोच वाचतं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त लागलं ते काय सांगू? इतक्या लेखकांपैकी, परीक्षकांपैकी, संपादकांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ही पद्धत कोणती बुवा, मी तर कधी ऐकली नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ग्रंथपाल म्हणजे नव्याचा द्वेष करणारी बाई असं कोणाला वाटू नये. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. एआय तो वाचवू शकतं. ‘सिमँटिक स्कॉलर’ किंवा ‘स्कोपस एआय’सारखी साधनं आधी खऱ्या निबंधांच्या साठ्यात शोध घेतात आणि सापडलेले निबंध किंवा त्यांतून काढलेलं उत्तर देतात, सोबत दुवा देतात. विषय नवा असेल, योग्य शब्द माहीत नसतील, तर पहिल्या दिवशी यांची फार मदत होते. मी स्वतः विद्यार्थ्यांना दाखवते. फक्त हे लक्षात ठेवा, पुष्कळदा यांनी निबंधाचा सारांश पाहिलेला असतो, आख्खा निबंध नाही. आणि त्यांचा साठा मुख्यतः इंग्रजी आहे.

आणि इथे आपली, मराठीची अडचण येते. मराठीतलं किती ज्ञान इंटरनेटवर आहे? ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ साली निघाला. अशा मासिकांचे अंक काही ग्रंथालयांत बांधून ठेवलेत, काही स्कॅन झालेत, पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातली अक्षरं शोधता येतीलच असं नाही. जोडाक्षरं तुटतात, फिकट शाईतला अनुस्वार उडतो. मग एआय तुम्हाला सांगतं की या विषयावर मराठीत फारसं लेखन नाही. विद्यार्थी ते वाक्य तसंच्या तसं प्रबंधात लिहितो. खोट्या संदर्भापेक्षा मला याची जास्त भीती वाटते. खोटा संदर्भ कोणीतरी कधीतरी पकडेल. पण जे होतं तेच नव्हतं असं लिहून ठेवलं, तर शोधायला पुन्हा कोण जाणार?

संगणक नव्हता तेव्हा शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली. आम्ही तिला नुसतं ‘दाते सूची’ म्हणतो. आजही मराठी विषयाचा विद्यार्थी आला की आधी तीच काढून देते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं शोधत होते, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि पुढे बावीस खंड झाले. त्यांचा आग्रह एकच, अस्सल कागद दाखवा.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत आणि मोडी सहज वाचणारे थोडे. इथे मला एआयकडून खरी आशा आहे. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी दोन हजारांहून जास्त मोडी कागदांच्या प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर असा संच तयार केला, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीचा. त्यावर यंत्राला मोडी वाचायला शिकवलं. असं काम वाढलं तर बंद रुमालांतले, म्हणजे कापडात बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांतले कागद कोणत्या विषयाचे आहेत एवढं तरी कळेल. त्या यंत्राने वाचलेलं अक्षर मोडी जाणणाऱ्याने मूळ कागदाशी ताडून घ्यायचं. ‘ध’ की ‘मा’, ते कागदावर पाहूनच ठरवायचं.

तर तुम्ही काय कराल? संदर्भ मिळाला की डीओआय, म्हणजे प्रत्येक निबंधाला दिलेला कायमचा ओळख क्रमांक, इंटरनेटवर घाला आणि तो त्याच निबंधावर जातो का बघा. खोट्या संदर्भाला खरा डीओआय, पण दुसऱ्याच निबंधाचा, चिकटलेलाही मी पाहिलाय. मग निबंध उघडा आणि तुम्ही म्हणताय ते त्यात खरंच लिहिलंय का ते वाचा. तो मागे घेतलेला तर नाही ना, तेही बघा. ‘रिट्रॅक्शन वॉच’ची यादी सगळ्यांना खुली आहे. पैसे पडतात म्हणून उघडता येत नाही, ही तक्रार सरकारी संस्थांत आता बरीच कमी झाली आहे. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं ६,३०० हून जास्त संस्थांना खुली झाली. तुमचं कॉलेज त्यात आहे का, हे तुमच्या ग्रंथपालांना विचारा. भारतातले प्रबंध हवे असतील तर शोधगंगा हा प्रबंधांचा ऑनलाइन साठा आहेच.

आणि हो, त्या मुलीच्या यादीचं काय झालं? चौदापैकी तीन संदर्भ खरे निघाले. चौथा अर्धा खरा होता, लेखिका तीच, मासिक वेगळं. मग ती तीन आठवडे रोज दुपारी कपाटाशेजारच्या टेबलावर बसली, बांधीव खंडांच्या वार्षिक अनुक्रमणिका एकेक करून वाचत. तिच्या शेवटच्या यादीत एकवीस लेख होते, प्रत्येकापुढे खंड, पृष्ठ आणि आमचा दाखल क्रमांक. त्यातले सहा लेख टोपणनावांनी लिहिलेले. त्या टोपणनावांमागच्या बायका कोण होत्या, हा आता तिच्या पीएच.डी.चा विषय आहे.