मतलई आणि खारा: थंडीतला मालवणचा समुद्र

(दृश्य: पहाट. मालवणची जेटी. पाण्यावर एकही सुरकुती नाही.)

पहाटे साडेपाचला या जेटीवर उभं राहिलं की वारा पाठीवर येतो. सह्याद्रीकडून उतरलेला, गार, कोरडा. त्यात कुणाच्या तरी अंगणातल्या शेकोटीचा धूरही मिसळलेला असतो. हा मतलई. रात्रभर जमीन गार होत जाते, समुद्र मात्र ऊब धरून राहतो. म्हणून हवा जमिनीकडून पाण्याकडे वाहते. किनाऱ्यालगत लाटेला उठायला जागाच मिळत नाही. कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गाची तटबंदी पाण्यात उलटी दिसते, ती अशाच सकाळी.

शिडाच्या होड्या होत्या तेव्हा मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं. इंजिनं आली, पण वाऱ्यांनी आपल्या वेळा बदलल्या नाहीत.

(दृश्य: दुपार. पाण्यावर फेसाचे तुरे.)

दुपारच्या तोंडावर मतलई पडतो. थोडा वेळ सगळं थबकतं. मग वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि सकाळचा आरसा बघता बघता खडबडीत होतो. सकाळचं पाणी पाहून दुपारचा बेत आखू नये. लहान होडी असेल, सोबत मुलं-म्हातारी माणसं असतील, तर दुपार चढायच्या आत परत यावं.

पण थंडीतल्या समुद्राची एक गोष्ट इथल्या वाऱ्यावरून कळतच नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात इराणच्या आखातात अधूनमधून ‘शमाल’ नावाचा जोरदार वायव्य वारा सुटतो. त्याने उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून, दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून आपल्या किनाऱ्याला लागतात. इथे आभाळ निळंशार, झाडाचं पान हलत नाही, आणि तरी होडी डोलायला लागते. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या लाटांचा माग काढला आहे.

(दृश्य: खाडीचं मुख. वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटा.)

खोल पाण्यात त्या लाटांचं फारसं काही वाटत नाही. त्यांची खरी गाठ पडते ती खाडीच्या मुखाशी. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं, लाट समोरून आत येत असते. दोघांची टक्कर झाली की लाट आखूड होते, उभी राहते आणि वाळूच्या दांड्यावर फुटते. त्यात होडी आडवी सापडली तर उलटायला एक लाट पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीची ओढ जास्त, अष्टमीच्या भांगात, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, कमी. म्हणून तारखेइतकंच तिथीकडेही लक्ष हवं.

आणि वादळं. पावसाळा संपला म्हणून ती संपत नाहीत. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ आलं, आणि कोकणातले कितीतरी मच्छीमार परतलेच नाहीत. २०१७ च्या डिसेंबरात ‘ओखी’ने केरळ आणि तमिळनाडूच्या बोटी पार उत्तरेकडे लोटल्या. त्यांतल्या ६८ बोटी, ९५२ माणसं, सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागली. डोंगराच्या कुशीतलं देवगडचं बंदर अशा वेळी किती मोलाचं ठरतं, ते तेव्हा साऱ्यांनी पाहिलं.

बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला, की होडी बांधून ठेवायची. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांचा अंदाज आता मोबाइलवर मिळतो. तो निघण्याआधी पाहायचा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक होडीतल्या प्रत्येकाला पाठ हवा. आणि लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगात हवं, पट्टे आवळून. पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. हे मी हात जोडून सांगतो.

(दृश्य: संध्याकाळ. मुखाबाहेर थांबलेल्या तीन होड्या.)

ऊन उतरलंय. खाडीबाहेर तीन होड्या इंजिन मंद ठेवून थांबल्या आहेत. मासळी भरलेली आहे, घाटावर गिऱ्हाईक वाट पाहतंय, घर समोर दिसतंय. तरी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, पुढे सरकत नाही. तो दांड्यावर फुटणाऱ्या लाटा मोजतोय. भरती लागायला अजून अर्धा तास आहे.