११० किलोडाल्टनची रेघ

(दृश्य : छत्रपती संभाजीनगर, सकाळचे मटणाचे दुकान. बर्फाच्या डब्यात ठेवले जाणारे शेळीचे हृदय.)

हे हृदय उस्मानाबादी शेळीचे आहे. कमी चाऱ्यावर तग धरणारी ही काळी शेळी मराठवाड्याला मांसासाठी आणि जुळ्या करडांसाठी ठाऊक आहे; जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र तिच्या हृदयाला वेगळेच काम आहे. जे प्रथिन शोधायचे ते ज्या ऊतीत हमखास भरपूर असते, असा एक नमुना प्रत्येक चाचणीत सोबत ठेवावा लागतो, आणि असा नमुना खाटकाकडे रोज ताजा मिळतो.

ते प्रथिन म्हणजे कॅल्शियमचा पंप. संशोधक त्याला ‘सर्का’ म्हणतात. स्नायुपेशीत कॅल्शियम सुटले की स्नायू आकुंचन पावतो, आणि तो पुन्हा सैल व्हायचा तर तेच कॅल्शियम पेशीतल्या जालिकेच्या कोठारात परत भरावे लागते. विश्रांतीच्या अवस्थेत या कोठारातील कॅल्शियमची संहती बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते, त्यामुळे ही भरती उलट्या दिशेची आहे. मोटेने विहिरीचे पाणी वर काढताना बैलांची ताकद खर्ची पडते, तशी येथे एटीपीच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाच्या, एका रेणूमागे कॅल्शियमचे दोन आयन या हिशोबाने ऊर्जा खर्ची पडते. जपानमध्ये सेत्सुरो एबाशी आणि जर्मनीत विल्हेल्म हासेलबाख यांच्या कामातून १९६० च्या दशकाच्या आरंभी हा पंप पुढे आला, आणि त्याची अणुपातळीवरची रचना चिकाशी तोयोशिमा यांच्या गटाने २००० मध्ये मांडली. वेगाने आकुंचन पावणाऱ्या स्नायूंत सर्का-१ असतो, हृदयात आणि संथ स्नायूंत सर्का-२ए, तर सर्का-२बी जवळजवळ सर्वच पेशींत थोडाफार सापडतो. या प्रकारांची घडण इतकी मिळतीजुळती आहे की एकाला शोधण्यासाठी तयार केलेले प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी, दुसऱ्यालाही चिकटू शकते. खरी अडचण तेथेच आहे: प्रतिपिंडाने दाखवलेले प्रथिन हवे तेच आहे का, हे पडताळावे लागते.

(दृश्य : जेल, म्हणजे प्रथिने आकारमानानुसार वेगळी करणारा मऊ थर; रेणुभार आधीच ठाऊक असलेल्या रंगीत मार्करच्या रेघा खाली सरकताना.)

हृदयाचा तुकडा बर्फावर ठेवूनच वाटला जातो, कारण पेशी फुटताच तिच्यातील प्रथिने तोडणारी विकरे कामाला लागतात. एरवी जेलवर चढवण्यापूर्वी नमुना उकळण्याची पद्धत आहे. परंतु सर्का-२ए हे पेशीतील पटलाच्या दहा वेळा आरपार जाणारे प्रथिन असल्यामुळे, उकळल्यास त्याच्या गुठळ्या होऊन ते जेलच्या तोंडाशीच अडकून बसण्याचा धोका असतो. म्हणून हा नमुना ३७ अंशांवर ठेवला आहे. कितीतरी ‘प्रथिन सापडले नाही’ असे निकाल या एका उकळीत दडलेले असावेत.

विद्युतप्रवाहाने प्रथिने आकारमानानुसार वेगळी झाली की ती नायट्रोसेल्युलोजच्या पांढऱ्या पट्टीवर उतरवली जातात. पट्टीवरील मोकळ्या जागा पाच टक्के स्किम दूध पावडरीच्या द्रावणाने व्यापून टाकल्या जातात, म्हणजे प्रतिपिंड भलतीकडे चिकटत नाही. त्यानंतर प्राथमिक प्रतिपिंडाच्या द्रावणात ही पट्टी चार अंशांवर रात्रभर हलत राहते. हे प्रतिपिंड मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेले व म्हणून एकसारखे, उंदराच्या पेशींपासून मिळवलेले आहे. ज्या तंत्राने ते बनते ते कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या दिवशी त्या उंदराच्या प्रतिपिंडाला ओळखून रेघ दिसण्याजोगी करणारे दुय्यम प्रतिपिंड घालतात, आणि ते शेळीच्या शरीरात तयार झालेले असते. नमुना शेळीचा आणि दुय्यम प्रतिपिंडही शेळीचे, हे ऐकून नवा विद्यार्थी बिचकतो. प्रत्यक्षात ही जोडी सोयीची आहे, कारण शेळी सहसा स्वतःच्या प्रतिपिंडांविरुद्ध प्रतिपिंड बनवत नाही, आणि हृदयात राहिलेल्या रक्तातील प्रथिनांना हे दुय्यम प्रतिपिंड धरण्याची शक्यता कमी राहते. याउलट प्राथमिक प्रतिपिंडच शेळीचे असते, तर त्याला शोधणारे दुय्यम प्रतिपिंड नमुन्यातील रक्तालाही चिकटले असते आणि पट्टीवर नको त्या रेघा उमटल्या असत्या.

(दृश्य : प्रतिमायंत्राचा पडदा. काळ्या पार्श्वभूमीवर रेघ.)

मार्करशी ताडून पाहिल्यास ही रेघ ११० किलोडाल्टनच्या आसपास आहे, म्हणजे सर्काच्या रेणुभाराशी जुळते. इथे थांबण्याचा मोह मोठा असतो, आणि छापून येणाऱ्या कित्येक चित्रांमागे एवढाच पुरावा असतो. शेजारच्या दोन पट्ट्या म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. पहिलीवर प्राथमिक प्रतिपिंड घातलेलेच नाही, आणि ती कोरी आहे. दुसरीवर घालण्याआधी प्रतिपिंडाला त्याचा लक्ष्य असलेला पेप्टाइड भरपूर पाजला होता. तिच्यावरची रेघ गेली आहे. मात्र त्यावरून प्रतिपिंड त्या पेप्टाइडला ओळखते एवढेच सिद्ध होते, पट्टीवरचे प्रथिन सर्काच आहे हे नव्हे. सर्वांत भक्कम कसोटी म्हणजे हे जनुकच नसलेली ऊती. परंतु सर्का-२ च्या दोन्ही प्रती नसलेले उंदीर गर्भावस्थेतच मरतात, त्यामुळे प्रौढ हृदयासाठी तो मार्ग सहज खुला नाही.

(दृश्य : मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप काढणारे यंत्र. मेणाच्या कापांची फीत कोमट पाण्यावर पसरताना.)

मग त्याच शेळीच्या मांडीचा स्नायू कामी येतो. फॉर्मलिनमध्ये स्थिर करून मेणात बसवलेल्या तुकड्याचे चार मायक्रॉन जाडीचे काप काढले जातात, मेण झायलीनने उतरवले जाते आणि काचपट्टी सायट्रेट बफरमध्ये तापवून फॉर्मलिनने झाकलेली, प्रतिपिंड जिथे चिकटते ती जागा पुन्हा उघडी केली जाते. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकताच कापावर बारीक बुडबुडे उठतात, ते राहिलेल्या रक्तामुळे. हा टप्पा गाळला तर रक्तपेशीही तपकिरी दिसू लागतात.

प्रतिपिंड चिकटलेली जागा दाखवणाऱ्या डीएबी या रसायनाचा तपकिरी रंग चढला, हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी झाली. एका तंतूत रंग भरलेला आहे, शेजारचा तंतू रिकामा, पुढचा पुन्हा भरलेला. संथ तंतूंनी सर्का-२ए चे प्रतिपिंड धरले आणि वेगवान तंतूंनी नाकारले. लगतच्या कापावर सर्का-१ चे प्रतिपिंड लावले असता चित्र उलटे येते. एकाच ऊतीत होकार आणि नकार शेजारी दाखवणारा हा पुरावा महागड्या संचातून मिळत नाही, आणि अनुदानाच्या अर्जात यंत्रासाठी रकाना असतो तसा पडताळणीसाठी क्वचितच असतो.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि जाणारी वीज यांचा हिशोबही येथे आहेच. प्रतिपिंडाची कुपी येताच ती छोट्या भागांत वाटून गोठवतात, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळण्याची वेळ येत नाही. शीतकपाट इन्व्हर्टरवर आहे, आणि आपोआप बर्फ वितळवणारे कपाट मुद्दाम टाळले आहे, कारण त्यातील तापमान वरखाली होते.

निकामी होत जाणाऱ्या हृदयात सर्का-२ए कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. जनुकोपचाराने तो वाढवण्याच्या क्युपिड-२ या रुग्णांवरील चाचणीत मात्र अपेक्षित लाभ दिसला नाही.

(दृश्य : नोंदवहीचे पान.)

नोंदवहीत प्रतिपिंडाचा लॉट क्रमांक, किती पट पातळ केले ते प्रमाण आणि ऊतीचे नाव लिहिले जाते. नवा लॉट आला की तो जुन्यासोबत त्याच हृदयाच्या नमुन्यावर तपासला जातो, आणि दोन्ही रेघा जुळल्यानंतरच संशोधनाचे मूळ नमुने बाहेर काढले जातात.