गुडघा दुखतो म्हणजे नक्की कुठे दुखतो?

तर मंडळी, गुडघ्याचं दुखणं घेऊन कोणी आलं की मी आधी सांगतो, एका बोटाने दाखवा कुठे दुखतंय. बरेच जण अख्खा पंजा ठेवतात आणि म्हणतात इथंच, सगळीकडे. मग मी विचारतो कधी दुखतो, जिना चढताना का उतरताना, सकाळी उठल्या उठल्या का दिवसभर चालून झाल्यावर? अर्धं निदान तिथंच होतं हो, एक्स-रे नंतरची गोष्ट.

आता बघा, जिना उतरताना किंवा बराच वेळ बसून उठताना वाटीच्या आसपास दुखत असेल तर बहुतेक वेळा वाटी आणि मांडीचं हाड जिथं घासतात तिथला त्रास असतो, अगदी विशीतल्या मुलामुलींनाही होतो. गुडघा मधेच अडकतो, सरळच होत नाही, असं असेल तर आतली गादी फाटलेली असू शकते. अशा दोन गाद्या असतात, चंद्रकोरीसारख्या. आणि खेळताना पाय मुरगळला, कट्‌कन आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला आणि नंतर चालताना दगा द्यायला लागला, तर लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, फाटल्याचा संशय घ्यायचा.

वयाबरोबर होणारी झीज वेगळी. "वंगण संपलं" म्हणतात ना लोक, तसं ते नसतं. हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा झिजते, त्या कूर्चेत दुखणं कळवणाऱ्या नसाच नसतात, दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर, म्हणून एक्स-रेत भरपूर झीज दिसूनही काही जण मजेत चालतात. यात सकाळी गुडघा आखडतो पण अर्ध्या तासात सुटतो. तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत असेल, बोटांचे सांधेही सुजत असतील, तर आमवाताची तपासणी करून घ्या. आणि नुसता कटकट आवाज येतो, दुखत नाही, त्याला घाबरू नका.

माझ्याकडे एक काका यायचे, सहा महिने गुडघ्याला मलम चोळत होते. एकदा बूट घालायला वाकले तर पाय आत वळेचना, ते मी बघितलं, खुब्याचा एक्स-रे काढला आणि दुखणं सापडलं खुब्यात. खुब्याचं दुखणं असं गुडघ्यात जाणवतं.

गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल, किंवा मार लागून पाय टेकवताच येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, उद्यावर ढकलू नका.

वजनाचं एवढंच सांगतो, 1 किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने उतरतो. आणि दुखतंय म्हणून चालणंच बंद करतात ना, ते बघून मला फार वाईट वाटतं, कारण मांडीचा स्नायू सुकतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. आत्ता बसल्या जागी एक पाय सरळ करा, पंजा आपल्याकडे ओढा, 5 सेकंद धरा. मांडीवर हात ठेवा, घट्ट झाली ना? हळूच खाली. आता दुसरा.