रस्ता पालिकेचा, रहदारी पोलिसांची

[दृश्य: रात्रीचे साडेअकरा. पुण्यातल्या पेठेतली गल्ली. दोन मुलं टेप धरून उभी.]

"एकोणीस फूट."
"अरे, भिंतीपासून काय धरतोस? गटाराच्या कडेपासून धर."
"मग साडेसतरा."

मोजमाप रात्रीच करावं लागतं. दिवसा दोन्ही बाजूंना स्कूटर लागलेल्या असतात, टेप जमिनीला टेकतच नाही. गणपती सव्वा महिन्यावर आलेत. मंडळ लहान, वर्गणी बेताची, पण सजावटवाल्याला दहा फुटांचा सेट सांगून झालाय. साडेसतरातून दहा गेले की उरतात साडेसात. अग्निशमन दलाचा बंब असतो साधारण अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांहून थोडा जास्तच रुंद.

सेक्रेटरी काही बोलत नाही. कट्ट्यावर बसलेले काका बोलतात. "आठाचा मांडव घाला. उरलेल्यात बंब जाईल."

अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झालाय.

[दृश्य: प्लॅस्टिकचं फोल्डर. एकेक कागद बाहेर येतो.]

या फोल्डरमध्ये मंडळाचा नोंदणी दाखला आहे, हमीपत्र आहे, हाताने काढलेला स्थळदर्शक नकाशा आहे. नकाशात पिंपळ फारच मोठा आलाय, रस्ता मात्र बारीक. आणि सगळ्यांत वर, टाचणी लावून, मागच्या वर्षीच्या परवानगीची झेरॉक्स. पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीवर पहिला प्रश्न तिचाच येतो, हे सेक्रेटरीला अनुभवाने ठाऊक आहे. ज्यांचं पहिलंच वर्ष असेल त्यांनी काय करायचं, हे मात्र विचारू नये.

परवानगी देणारं कलम जुनं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, कलम २३४. पुणे महानगरपालिका स्थापन झाली १९५० साली, म्हणजे कायदा तिच्याहून वर्षभराने वडील. मुंबईचा कायदा तर १८८८चा, तिथे हेच काम कलम ३१७ करतं. सण-समारंभासाठी रस्त्यावर तात्पुरता मांडव घालायला आयुक्त लेखी परवानगी देऊ शकतात, एवढंच ते सांगतं. पण त्यात एक अट आहे, आणि सगळी पायपीट तिच्यामुळे: पोलीस आयुक्तांच्या सहमतीने.

रस्ता पालिकेचा, त्यावरची रहदारी पोलिसांची. एकाच डांबराचे दोन मालक.

आता एक खिडकी योजना आहे, ऑनलाइन अर्ज आहे. चकरा कमी झाल्यात, हे खरं. तरी पोलीस ठाण्यात गोपनीय विभागाच्या टेबलापाशी एकदा तरी उभं राहावं लागतंच. तिथला प्रश्न फुटांचा नसतो. "स्वयंसेवक किती? रात्री मूर्तीपाशी झोपणार कोण? नावं लिहून द्या, मोबाइलसकट." सेक्रेटरी चार नावं लिहितो. त्यातल्या दोघांना अजून पत्ताच नाही.

[दृश्य: गल्लीचं तोंड. दोन बांबू, मध्ये सुतळी, सुतळीला लाल फडकं.]

आता या सुतळीकडे बघा. मागच्या वर्षीचं हे फुटेज मंडळाच्याच मुलाने मोबाइलवर काढलेलं. आरतीच्या वेळी पोरांनी गल्ली बंद केली होती. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "परवानगी आहे की."

नव्हती. परवानगी होती मांडवाची. रस्ता बंद करायला वेगळा आदेश लागतो, आणि तो मंडळाच्या नावे निघतच नाही. तो काढतात वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त, मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ११५ वगैरेंच्या आधारे. भाषा वर्षानुवर्षं तीच: "अत्यावश्यक सेवेतील वाहने वगळून", "आवश्यकतेनुसार", "तात्पुरत्या स्वरूपात". बंदी महिन्याभराहून जास्त नसेल तर ती राजपत्रात छापायची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर "वाहतुकीत बदल" अशी चौकट येते. ती आपण वाचत नाही, आणि दुसऱ्या दिवशी बॅरिकेडपाशी गाडी थांबवून हवालदारालाच विचारतो, "कधीपासून बंद केलं हो?"

आपल्याच रस्त्यासाठी महापालिकेलाही हाच आदेश लागतो. २०२१पासून ११ डिसेंबरला पुण्यात पादचारी दिन साजरा होतो आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद असतो. कार्यक्रम पालिकेचा, रस्ताही पालिकेचा. गाड्या वळवणार पोलीस.

[दृश्य: मांडववाल्याचा टेम्पो. वासे, ताडपत्री, काथ्याची वेटोळी.]

मांडववाले काका पस्तीस वर्षं या धंद्यात आहेत. पूर्वी पहार घ्यायची, डांबरात हातभर खड्डा करायचा आणि वासा रोवायचा. आता ते वाळू भरलेली पिंपं आणतात. पिंपात वासा, वाशाला काथ्या, आणि काथ्याची गाठ अशी की ओढाल तितकी घट्ट. खड्डा महाग पडतो. मुंबईत २०२५मध्ये पालिकेने एका खड्ड्याला पंधरा हजार रुपये दंड जाहीर केला होता, मंडळांनी ओरड केल्यावर तो पुन्हा दोन हजारांवर आला. काका पुण्याचे. पण आकडा त्यांना पाठ आहे.

पिंपं आली, टेप आली, नकाशे आले, त्यामागे कोर्टही आहे. ठाण्यातल्या एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना मांडवांचं धोरण ठरवायला लावलं. रस्त्यावर मांडव घालणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, चालायला मोकळा रस्ता मिळणं हा मात्र नागरिकाचा हक्क आहे, असा त्याचा सूर. उत्सवाआधी तहसीलदार दर्जाच्या अधिकाऱ्यांनी मांडव तपासावेत, हेही त्यातूनच आलं. मंडळांमध्ये यावर कुरकुर होतेच. "आमच्या आजोबांच्या काळात कोण टेप घेऊन येत होतं?" खरंय. पण आजोबांच्या काळात गल्लीत पन्नास दुचाकी उभ्या नव्हत्या.

[दृश्य: गल्लीतला दुसरा मजला. खिडकीत एक आजी.]

या घरी आठवड्यातून तीनदा, पहाटे पाच वाजता, डायलिसिसला नेणारी गाडी येते. अर्जात त्यासाठी रकाना नाही. सेक्रेटरीने आजींच्या मुलाचा नंबर घेतलाय आणि मांडवातल्या पहारेकऱ्यांच्या यादीत त्या तीन रात्रींपुढे फुली मारलीय. त्या रात्री झोपणाऱ्याने चार वाजता उठून मांडवापुढच्या स्कूटर बाजूला घ्यायच्या.

"कुणाकुणाच्या किल्ल्या लागतील?"
"सगळ्यांच्या," सेक्रेटरी म्हणतो. "खिळ्यांचा बोर्ड केलाय. नाव लिहून अडकवायच्या."

[दृश्य: परवानगीचा कागद. जावक क्रमांक, गोल शिक्का, सही.]

परवानगी आली ती प्रतिष्ठापनेच्या सहा दिवस आधी. आठ फूट. अध्यक्षांनी ती दोनदा वाचली आणि सजावटवाल्याला फोन लावायला बाहेर गेले.

मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये घालून मांडवाच्या दर्शनी खांबाला लावला. त्याआधी सेक्रेटरी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आला. तीन झेरॉक्स. एक पोलीस ठाण्याला, एक अध्यक्षांना. तिसरी त्याने फोल्डरमध्ये सगळ्यांत वर ठेवली, टाचणी लावून.