तीस टक्क्यांचे पाच टक्के कसे झाले

नमस्कार. सुरुवातीला सगळ्यांनी आपला एक तळहात बोटं जुळवून समोर धरा. बोटांसकट हा तळहात म्हणजे आपल्या अंगावरच्या एकूण कातडीचा साधारण एक टक्का. भाजलेला रुग्ण आला की डॉक्टर याच मापानं अंदाज घेतात. आज मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, त्यातली कोट्यवधींची औषधं चांगली की वाईट, हेही शेवटी या तळहातावरच ठरतं. आणि तो तळहात रुग्णाचा धरायचा, डॉक्टरचा नाही. माझ्या हातानं लहान चणीच्या बाईची पाठ मोजली तर हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो.

आजाराचं नाव मायकोसिस फंगॉइड्स. नाव ऐकून बुरशीचा आजार वाटतो, आणि नव्या रुग्णाची पहिली दहा मिनिटं हा गैरसमज दूर करण्यातच जातात. आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८०६ मध्ये याचं वर्णन केलं. वाढलेल्या गाठी त्याला अळंब्यांसारख्या दिसल्या, त्यावरून हे नाव पडलं आणि दोनशे वर्षं चिकटून राहिलं. बुरशीचा इथे काडीचाही संबंध नाही. हा लिम्फोमा आहे, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, आणि तो टी-पेशींचा. जंतूंशी लढणाऱ्या याच पेशी त्वचेत ठाण मांडतात आणि वाढत राहतात. सुरुवातीला लालसर, कोंडा सुटणारे, खाजरे चट्टे येतात. ते इसबासारखे किंवा सोरायसिससारखे दिसतात, म्हणून कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं मलमं लावत राहतात. याच घराण्यातला अधिक आक्रमक आजार म्हणजे सेझारी सिंड्रोम. त्यात सगळं अंग लाल होतं आणि बिघडलेल्या पेशी रक्तातही फिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशीचं केंद्रक मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं दिसतं. एकदा पाहिलेलं ते चित्र मी तरी विसरू शकलेली नाही.

त्वचेच्या टी-पेशींचे हे सगळे लिम्फोमा एकत्र धरले, तरी दहा लाख लोकांमागे वर्षाला जेमतेम सहा-सात नवे रुग्ण सापडतात. पुढे मी जे सांगणार आहे, त्यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ या आकड्यात आहे. औषध अ चांगलं की औषध ब, हे ठरवायचं तर पुरेशी माणसं लागतात. ती आणायची कुठून?

आधी मोजणी कशी होते ते पाहू. अंगाचे बारा भाग पाडलेले असतात. प्रत्येक भागावर किती तळहात चट्टा आहे ते पाहायचं. सपाट चट्ट्याला एकनं गुणायचं, जाड उंचावलेल्या चट्ट्याला दोननं आणि गाठीला चारनं. समजा दंडावर तीन तळहात सपाट चट्टा आहे, त्याचे तीन गुण. पाठीवर पाच तळहात जाड चट्टा, त्याचे दहा. मांडीवर एका तळहाताएवढी गाठ, तिचे चार. एकूण सतरा. कमाल गुण चारशे. उपचारानंतर हा आकडा निम्म्यावर किंवा त्याखाली आला, म्हणजे सतराचे आठ झाले, तर त्वचेनं 'प्रतिसाद' दिला असं लिहितात. सतराचे नऊ झाले तर नाही. आता अशी बाई डोळ्यांसमोर आणा, जिचे गुण सतरावरून नऊवर आले आहेत आणि जी दोन वर्षांत पहिल्यांदा रात्रभर न खाजवता झोपली आहे. चाचणीच्या तक्त्यात तिच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' असं जातं. नियम कुठेतरी रेघ ओढणारच, हे मला मान्य आहे. पण या आजारात रुग्णाला सर्वांत जास्त छळते ती खाज, आणि तिचा हिशेब या गुणांत कुठेच येत नाही. चाचण्यांमध्ये जीवनमानाची प्रश्नावली वेगळी भरून घेतात ती म्हणूनच, आणि निकाल वाचताना ती शेवटच्या पानावर ढकलू नये असं मला फार मनापासून वाटतं.

आता शीर्षकातल्या कोड्याकडे येते. व्होरिनोस्टॅट नावाची गोळी आहे. ही इम्युनोथेरपी, म्हणजे रोगप्रतिकारक शक्तीला कामाला लावणारा उपचार, नाही; पेशीतली जनुकं चालू-बंद होण्याच्या प्रक्रियेत ती हस्तक्षेप करते. २००६ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली, ती मुख्यतः ७४ रुग्णांच्या एका चाचणीवरून. त्या चाचणीत तुलनेला दुसरा गट नव्हता. सगळ्यांना तीच गोळी दिली आणि सुमारे ३० टक्के रुग्णांच्या त्वचेत सुधारणा दिसली. पुढे मोगामुलिझुमॅब हे नवं प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, आलं. बिघडलेल्या टी-पेशींच्या पृष्ठभागावर सीसीआर-४ नावाची खूण असते. हे प्रतिपिंड त्या खुणेला चिकटतं आणि शरीराच्या इतर रोगप्रतिकारक पेशींना 'हिला मारा' असं दाखवून देतं. हे जुन्या गोळीपेक्षा सरस आहे का, ते पाहायला मॅव्हॉरिक नावाची चाचणी झाली. ३७२ रुग्ण, ११ देश, ६१ केंद्रं. कुणाला प्रतिपिंड आणि कुणाला गोळी हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. निकाल २०१८ मध्ये आला. मोगामुलिझुमॅबला प्रतिसाद २८ टक्के, व्होरिनोस्टॅटला ५ टक्के.

तीच गोळी, तोच आजार. मग तीसचे पाच कसे झाले?

मुख्य कारण मोजपट्टी बदलली हे आहे. पहिल्या चाचणीत फक्त त्वचा पाहिली होती. मॅव्हॉरिकमध्ये त्वचा, रक्त, लसिकाग्रंथी आणि आतले अवयव ही चारही ठिकाणं मिळून एकच निकाल द्यायचा होता. त्वचा निवळली पण रक्तातल्या पेशी वाढत राहिल्या, तर प्रतिसाद धरायचा नाही. शिवाय प्रतिसाद एकदा दिसून भागत नव्हता, पुढच्या तपासणीतही तो टिकायला हवा होता. याच चाचणीत निव्वळ त्वचेपुरतं पाहिलं तर व्होरिनोस्टॅटचा आकडा १६ टक्के होता. म्हणजे कुणी तुम्हाला येऊन सांगितलं की 'या औषधाला तीस टक्के प्रतिसाद आहे', तर पहिला प्रश्न असा विचारा: कशात मोजला, किती दिवस टिकला आणि शेजारच्या गटाचं काय झालं?

चारही ठिकाणांचे आकडे सुटे करून पाहिले की मोगामुलिझुमॅबचा खरा स्वभाव दिसतो. रक्तात प्रतिसाद ६८ टक्के, त्वचेत ४२, लसिकाग्रंथींत १७ आणि आतल्या अवयवांत शून्य. मी विद्यार्थ्यांना २८ हा एकत्रित आकडा सांगायच्या आधी हे चार आकडे फळ्यावर लिहून दाखवते. सेझारीचा रुग्ण समोर असेल, रक्त पेशींनी भरलेलं असेल, तर हे औषध त्याच्यासाठी आहे असं वाटू लागतं. नुसत्या गाठी असतील तर दुसरा विचार करावासा वाटतो.

यात एक मोठा चकवा आहे. मोगामुलिझुमॅब घेणाऱ्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना औषधाचीच पुरळ आली. ती दिसते कशी? हुबेहूब मूळ आजारासारखी! तळहातानं मोजणाऱ्या डॉक्टरला चट्टे वाढलेले दिसतात, गुण चढतात आणि 'आजार बळावला' असा शेरा पडून औषध बंद होण्याची वेळ येते. बायोप्सी करून नीट पाहिल्याशिवाय खरा प्रकार कळत नाही. पुढे काही केंद्रांच्या नोंदींत असंही दिसलं, की पुरळ आलेल्यांना हे औषध उलट जास्त चांगलं लागू पडतं.

दुसरी महत्त्वाची चाचणी अल्कान्झा, निकाल २०१७. तिथलं औषध ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन. हेही प्रतिपिंडच, पण पाठीवर विष घेऊन जाणारं. सीडी-३० ही खूण असलेली पेशी सापडली की ते आत शिरतं आणि विष सोडतं. समोर मेथोट्रेक्सेट किंवा बेक्सारोटीन ही नेहमीची औषधं होती, त्यातलं कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवत. किमान चार महिने टिकलेला प्रतिसाद ब्रेंटुक्सिमॅबच्या गटात ५६ टक्के, नेहमीच्या औषधांच्या गटात साडेबारा. आजार न वाढता गेलेला काळ, म्हणजे निम्म्या रुग्णांनी ओलांडलेली मुदत, १६.७ महिने विरुद्ध ३.५ महिने. याची किंमत मात्र नसांनी मोजली. ब्रेंटुक्सिमॅब घेणाऱ्या दर तीन रुग्णांपैकी दोघांच्या हातापायांना मुंग्या येणं, बधिरपणा असे त्रास झाले. शर्टाची बटणं लावताना बोटांना बटण जाणवत नाही, ही तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकलेली आहे.

आता कुणीही हातात कागद घेऊन म्हणेल, मॅव्हॉरिकमध्ये हाच काळ मोगामुलिझुमॅबला ७.७ महिने मिळाला आणि अल्कान्झामध्ये ब्रेंटुक्सिमॅबला १६.७, मग ब्रेंटुक्सिमॅब दुपटीनं भारी! रुग्णांचे नातेवाईक हे गणित करून येतात. खरं सांगायचं तर डॉक्टरही करतात. पण अल्कान्झात ज्यांच्या पेशींवर सीडी-३० ही खूण होती असेच रुग्ण घेतले होते, आणि सेझारीच्या रुग्णांना प्रवेशच नव्हता. मॅव्हॉरिकमध्ये सेझारीचे रुग्ण जवळजवळ निम्मे होते. दोन वेगळ्या शर्यती, धावपटू वेगळे, रस्ता वेगळा. घड्याळातली वेळ शेजारी शेजारी मांडून काय कळणार? ही दोन औषधं समोरासमोर उभी करणारी मोठी चाचणी झालेली नाही.

का झाली नाही, तेही पाहा. अल्कान्झात १३१ रुग्ण नोंदवायला १३ देशांतली ५२ केंद्रं लागली आणि जवळपास तीन वर्षं गेली. म्हणजे एका केंद्राला तीन वर्षांत सरासरी अडीच रुग्ण. दोन चांगल्या औषधांमधला फरक तर याहून बारीक असणार, आणि फरक जितका बारीक, तितके रुग्ण जास्त लागतात. शेजारचं उदाहरण घ्या. हॉजकिन लिम्फोमात, अर्थात तो याच्यापेक्षा खूप जास्त आढळतो, एस-१८२६ या चाचणीत केमोबरोबर निव्होल्युमॅब द्यावं की ब्रेंटुक्सिमॅब, अशी थेट तुलना झाली. रुग्ण ९७० च्या घरात, किशोरवयीन आणि प्रौढ एकाच चाचणीत. दोन वर्षांनी आजार न वाढलेले ९२ टक्के विरुद्ध ८३ टक्के. असा स्वच्छ निकाल आमच्या आजारात मिळावा म्हणून मी काय वाटेल ते करीन.

तिथे चाललेलं निव्होल्युमॅब इथे का आणत नाही, असं कुणी विचारेल. ते रोगप्रतिकारक पेशींचा ब्रेक सोडतं. आमच्या आजारात कर्करोग झालेली पेशी ही खुद्द टी-पेशीच आहे. तिचाच ब्रेक सुटला तर? विषाणूमुळे होणाऱ्या एका टी-पेशी ल्युकेमिया-लिम्फोमात २०१८ मध्ये असंच घडलेलं नोंदवलं गेलं. पहिल्या तिघा रुग्णांचा आजार एकाच मात्रेनंतर झपाट्यानं उसळला. म्हणून एका लिम्फोमातलं यश दुसऱ्यात उचलून ठेवता येत नाही, चाचणी करावीच लागते. मायकोसिस फंगॉइड्स आणि सेझारीत याच जातीच्या पेम्ब्रोलिझुमॅबचा २४ रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना छान फायदा झाला, पण सेझारीच्या बऱ्याच रुग्णांची त्वचा आधी भडकली.

तुलनेचा गट नसेल तर काय होतं, याचं जुनं उदाहरण फोटोफेरेसिसचं. रक्त काढायचं, पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांवर औषध आणि अतिनील किरण टाकायचे आणि त्या परत शरीरात सोडायच्या. १९८७ मध्ये ३७ रुग्णांवरचा अहवाल आला, २७ जणांना फायदा झाला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली. हा उपचार मी स्वतः देते, माझा त्यावर विश्वास आहे. पण कुणापेक्षा चांगला, हा प्रश्न आला की मला अनुभवाच्या गोष्टी सांगाव्या लागतात. याच्या उलट उदाहरण १९८९ चं. १०३ रुग्णांत चिठ्ठी टाकून एका गटाला सुरुवातीलाच जोरदार केमो आणि किरणोपचार दिले, दुसऱ्याला सौम्य उपचार. आजार पूर्ण निवळण्याचं प्रमाण जोरदार गटात ३८ टक्के, सौम्य गटात १८. आणि आयुष्य? दोन्ही गटांत सारखंच. त्या १०३ जणांमुळे त्यानंतरचे हजारो रुग्ण विनाकारण केमो सोसण्यापासून वाचले.

आयुष्य वाढलं का, हे मॅव्हॉरिक मात्र नीट सांगू शकत नाही, कारण गोळीच्या गटातल्या ज्यांचा आजार वाढला किंवा ज्यांना गोळी सोसली नाही त्यांना नंतर प्रतिपिंड घेण्याची मुभा होती. १८६ पैकी १३६ जण तिकडे गेले. शास्त्राच्या दृष्टीनं ही भेसळ. पण खाटेवरच्या माणसाला 'दुसरं औषध आहे, तुम्हाला मात्र देणार नाही' हे सांगायची हिंमत माझ्यात नाही, आणि ती मुभा दिली ते योग्यच झालं असं मी म्हणेन.

कधी कधी चिठ्ठी टाकणंच शक्य नसतं. दुसऱ्याच्या मूलपेशींचं प्रत्यारोपण हीही एक इम्युनोथेरपी. दात्याच्या पेशी कर्करोगाशी लढतात, आणि कधी रुग्णाच्या शरीराशीही. फ्रान्समधल्या कुटॅलो चाचणीत, २०२३ चा निकाल, ज्यांना जुळणारा दाता मिळाला त्यांचं प्रत्यारोपण झालं आणि ज्यांना मिळाला नाही ते तुलनेचा गट झाले. दाता जुळणं हीच निसर्गानं टाकलेली चिठ्ठी. ५५ जणांचं प्रत्यारोपण झालं, ४४ जणांचं नाही. आजार न वाढता गेलेला काळ नऊ महिने विरुद्ध तीन महिने.

इथेच आजचा सगळ्यात अवघड प्रश्न उभा राहतो. प्रत्यारोपणाआधी रक्त स्वच्छ करायला मोगामुलिझुमॅब उत्तम. पण सीसीआर-४ ही खूण रोगप्रतिकारक शक्तीला आवर घालणाऱ्या चांगल्या पेशींवरही असते, त्याही मारल्या जातात. मग दात्याच्या पेशी रुग्णावर उलटल्या तर त्यांना आवरणार कोण? जपानमधल्या रुग्णांत हा धोका स्पष्ट दिसला. दोन्हींमध्ये अंतर किती ठेवायचं, याचं उत्तर देणारी तुलनात्मक चाचणी नजीकच्या काळात होईल असं मला वाटत नाही. म्हणून २०१५ पासून प्रोक्लिपी नावाच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत अनेक देशांतली केंद्रं आपापले रुग्ण त्याच एका पद्धतीनं लिहून ठेवत आहेत. त्या फॉर्मवर तेच बारा भाग असतात: डोकं, मान, छाती, अगदी तळपायापर्यंत. मी रुग्णाला म्हणते, जरा हात पुढे करा. मग त्याचा तळहात त्याच्याच पाठीवर ठेवल्यासारखा मनात धरते आणि मोजायला लागते.